‘अंतर्जात’ विषाणू की ‘जीवाश्म’ विषाणू?

प्रश्न असा आला आहे: वन्य प्राण्यांच्या डीएनएमध्ये सापडणाऱ्या प्राचीन विषाणूंना, म्हणजे एंडोजीनस रेट्रोव्हायरसना, मराठीत ‘अंतर्जात विषाणू’ म्हणावं की ‘जीवाश्म विषाणू’?

मला दोन्ही शब्द पटत नाहीत. ‘अंतर्जात’ म्हणजे आतच जन्मलेला. हे विषाणू तर बाहेरून आले. स्वतःच्या आरएनएची डीएनए-प्रत काढून ती पेशीच्या डीएनएमध्ये घुसवणं हे रेट्रोव्हायरसचं नेहमीचंच काम. ती पेशी जर बीजपेशी, म्हणजे अंडं किंवा शुक्राणू घडवणारी, असेल, तर ती प्रत पिल्लाच्या प्रत्येक पेशीत उतरू शकते आणि पुढे पिढ्यानपिढ्या चालत राहते. संसर्गाचा असा वारसा होतो. नावात नेमकं हेच यायला हवं, म्हणून मी ‘वंशागत विषाणू’ सुचवेन.

‘जीवाश्म’ मथळ्यात शोभतो, पण त्यातला ‘अश्म’ अडचणीचा आहे. हा डीएनए दगडासारखा पडून राहत नाही. पेशी विभागताना दरवेळी त्याची नवी नक्कल होते आणि नकलेत चुका साचत जातात. वयाचा अंदाज येतो तो या चुकांवरूनच! शिरकावाच्या वेळी त्याची दोन्ही टोकं हुबेहूब सारखी असतात. पुढे जितका काळ जातो तितका त्यांच्यातला फरक वाढतो. दुसरी खूण जागेची. ससे आणि त्यांचे भाऊबंद हेअर यांच्या डीएनएमध्ये एक लेंटिव्हायरस, म्हणजे एचआयव्हीच्याच गटातला, अगदी त्याच ठिकाणी बसलेला आहे. अर्थात दोघांच्या वाटा फुटण्याआधीच, निदान १.२ कोटी वर्षांपूर्वी, तो शिरलेला असणार.

कोआलाच्या बाबतीत तर ‘जीवाश्म’ सरळ चूक ठरतो. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या कोआलांमध्ये त्यांचा रेट्रोव्हायरस आईबापांकडून वारशाने येतो आणि एकाकडून दुसऱ्याला संसर्गानेही होतो. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला जातो. दक्षिणेकडच्या सगळ्या कोआलांमध्ये मात्र तो अजून पूर्ण रूपात पोचलेला नाही. वारसा होण्याची क्रिया तिथे आजही चालू आहे.

जे विषाणू झिजून निकामी झालेत त्यांना ‘विषाणु-अवशेष’ म्हणावं. माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग अशा रेट्रोव्हायरसांपासून आलेला आहे. त्यातलं सगळंच निरुपयोगी नाही: वार (गर्भाला पोसणारा प्लॅसेंटा) घडवायला लागणारं सिन्सिटिन हे प्रथिन विषाणूच्याच जनुकातून आलं आहे. अशा कामाला लागलेल्या जनुकाला ‘अवशेष’ न म्हणता ‘विषाणुमूलक जनुक’ म्हणणं बरं.

लिहिताना एवढं पाहावं: सुटा शब्द ‘विषाणू’ दीर्घ, समासात पहिलं पद असेल तर ‘विषाणु’ ऱ्हस्व.