'गेट' या इंग्रजी शब्दाचे इतके अर्थ लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही सोलापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहात, थोड्या दिवसांत नोकरीच्या मुलाखती सुरू होतील. 'गेट' या एका क्रियापदाचे डिक्शनरीतले सगळे अर्थ पाठ केले, तरी बोलताना नेमकी गडबड होते, असं तुम्ही लिहिलंय. पहिलं सांगणं हे की ती यादी बाजूला ठेवा. ती पाठ करून कुणालाच हा शब्द आलेला नाही. (मी जी-ई-टी वाल्या 'गेट'बद्दल बोलतेय. फाटकाचा 'गेट' देवनागरीत तसाच दिसतो, पण त्यातला 'ए' लांबवायचा असतो. या 'गेट'चा 'ए' अगदी आखूड, पटकन तोडायचा.)

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघते. परदेशी गिऱ्हाइकांच्या मेलमध्ये हा शब्द दिवसभर डोळ्यांसमोर असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, कुलूप लागतं, गाडी फलाटाला लागते, निकाल लागतो, एखाद्याला बोललेलं लागतं. 'लागणे'चे अर्थ तुम्ही कधी मोजलेत? गरजच पडली नाही, कारण शेजारी 'भूक' आहे की 'कुलूप' यावरून अर्थ आपोआप ठरतो. आपल्या पूर्व भागातली पोरं घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत कन्नड नाहीतर दखनी बोलत मोठी होतात, तीही शब्द अशीच उचलतात, शेजारच्या शब्दासकट. 'गेट' शिकायचा तर नजर 'गेट'वर नको, त्याच्या पुढे काय आलंय त्यावर हवी.

मुळात हा शब्द इंग्रजीत आला तो व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून, आणि तिथे त्याचा अर्थ मिळवणे, हाती लागणे असा होता. आजही त्याच्या बहुतेक अर्थांच्या तळाशी एकच गोष्ट सापडते: आधी नव्हतं, आता झालं. पुढे वस्तू आली तर ती मिळाली किंवा आणली: 'आय गॉट अ लेटर', 'गेट मी सम वॉटर'. पुढे ठिकाण आलं तर पोचलो: 'वी गॉट टू पुणे बाय टेन'. हे दोन प्रकार तुम्हाला येतच असणार, त्यात वेळ घालवू नका.

खरी मजा पुढे विशेषण आलं की सुरू होते. मार्चमध्ये सकाळी दहालाच ऊन चटके द्यायला लागलं की 'इट इज गेटिंग हॉट', आणि मे महिन्यात दुपारी नुसतं 'इट इज हॉट'. पहिल्यात बदल चाललाय, दुसऱ्यात स्थिती आहे. आमच्या कामात या फरकाला पैशाची किंमत आहे. 'द कार्टन्स वर वेट' लिहिलं तर खोकी ओली होती एवढंच कळतं, कदाचित इथून निघतानाच ओली असतील. 'द कार्टन्स गॉट वेट ॲट द पोर्ट' लिहिलं की ती कोरडी निघाली आणि बंदरात भिजली, हे एका वाक्यात सांगून होतं. नुकसानभरपाईचा सगळा वाद त्या एका शब्दावर फिरू शकतो.

मात्र इथेच आपलं 'झालं' आपल्याला फसवतं. मराठीत अपघात झाला, मुलगा झाला, मॅनेजर झालो, सगळीकडे 'झालं' चालतं, म्हणून आपण इंग्रजीत सगळीकडे 'गॉट' ठोकतो. अपघाताला 'आय हॅड ॲन ॲक्सिडेंट' म्हणतात, मुलगा झाला त्याला 'शी हॅड अ बेबी बॉय'. आणि मुलाखतीत हे तर अजिबात नको: 'आय वाँट टू गेट अ मॅनेजर'. ऐकणाऱ्याला वाटेल, या मुलाला हाताखाली एक मॅनेजर हवाय! 'होणे' या अर्थाने 'गेट'पुढे विशेषण चालतं, हुद्द्याचं नाम चालत नाही. तिथे 'बिकम' वापरा. 'आय गॉट पास्ड' हेही चूक, नुसतं 'आय पास्ड' पुरे. 'आय गॉट सिलेक्टेड' मात्र बरोबर, कारण निवड दुसऱ्या कुणीतरी केली.

आता जो प्रकार मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि जो शिकवताना बहुतेक ठिकाणी घाईत उरकतात, तो. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून बघा:

वी गॉट द पॅक्ड टॉवेल्स.
वी गॉट द टॉवेल्स पॅक्ड.

शब्द तेच, फक्त 'पॅक्ड'ची जागा बदललीय. पहिल्याचा अर्थ, पॅक केलेले टॉवेल आम्हाला मिळाले. दुसऱ्याचा, आम्ही टॉवेल पॅक करून घेतले. एकात माल आमच्याकडे आला, दुसऱ्यात आम्ही काम करवून घेतलं. मेलमध्ये ही जागा चुकली तर समोरच्याला वाटतं की पॅकिंग बाहेरूनच होऊन आलं, आणि मग कुठून आलं, कुणी केलं, असे प्रश्न सुरू होतात. मराठी माणसाला हा प्रकार खरं तर सोपा जायला हवा, कारण आपल्याकडे 'करून घेणे' तयारच आहे. केस कापून घेतले: 'आय गॉट माय हेअर कट'. 'आय कट माय हेअर' म्हणालात तर कात्री तुमच्याच हातात होती. गाडी दुरुस्त करून घेतली, झेरॉक्स काढून घेतल्या, सँपल लॅबमध्ये तपासून घेतलं, हे सगळं याच साच्यात बसतं: 'गॉट', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप.

माणसाकडून करवून घेतलं असेल आणि त्या माणसाचं नाव घ्यायचं असेल, तर मधे 'टू' येतो: 'आय गॉट द सुपरवायझर टू चेक द लॉट'. 'मेड' आणि 'हॅड' यांच्यानंतर हा 'टू' येत नाही, म्हणून गोंधळ होतो. अर्थातही छटा आहे. 'मेड'मध्ये भाग पाडणं आहे, 'गॉट'मध्ये बऱ्याचदा सांगून-समजावून, पाठपुरावा करून करवून घेणं आहे. मुलाखतीत टीमबद्दल बोलताना 'आय मेड देम वर्क'पेक्षा 'आय गॉट देम टू वर्क टुगेदर' कितीतरी चांगलं वाटतं.

वाहनांचं थोडक्यात. बस आणि रेल्वेत 'गेट ऑन', उतरताना 'गेट ऑफ'. मोटारसायकललाही तेच. कार आणि रिक्षाला 'गेट इन', उतरताना 'गेट आउट'. आत उभं राहून चालता येतं किंवा वर टांग टाकून बसतो, तिथे 'ऑन'; अंग चोरून आत शिरून बसावं लागतं तिथे 'इन'. आपण भारतात 'गेट डाउन ॲट सात रस्ता' म्हणतो आणि इथे ते सगळ्यांना कळतं, पण परदेशी माणसाशी बोलताना 'गेट ऑफ ॲट' म्हणा.

प्रश्न विचारताना 'डिड यू गॉट' कधीही नको, 'डिड यू गेट'. ही चूक इतकी पसरलेली आहे की ऐकणारा ती लगेच टिपतो. अमेरिकन माणसाच्या तोंडी 'गॉटन' ऐकलं तर बिचकू नका, तिकडे ते 'गेट'चं तिसरं रूप आहे. आणि अर्जात, औपचारिक पत्रात 'गॉट' कमी ठेवा: 'वी हॅव रिसीव्ह्ड युअर मेल' लिहा. बोलताना मात्र 'गेट' बिनधास्त वापरा, तो टाळून जड शब्द शोधत बसलं की बोलणं अडखळतं.

डिक्शनरी हवीच असेल तर इंग्रजी-मराठी नको. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी इंटरनेटवर फुकट बघता येते. तिथे अर्थ न वाचता उदाहरणाची वाक्यंच वाचा, आणि प्रत्येक वाक्यात 'गेट'च्या पुढे काय आलंय त्याखाली रेघ ओढा.

शेवटचा एक वापर, खास तुमच्या मुलाखतीसाठी. इंटर्नशिपबद्दल विचारलं तर 'आय डिड जीएसटी वर्क' म्हणण्याऐवजी 'आय गॉट टू वर्क ऑन जीएसटी रिटर्न्स' म्हणा. अर्थ, मला ते काम करायला मिळालं. त्यात संधी मिळाल्याचा आनंद आपोआप येतो. फक्त आधी 'हॅव' लावू नका. 'आय हॅव गॉट टू वर्क' झालं की अर्थ फिरतो: मला काम करावंच लागणार आहे.