शड्डू नंतर, आवाज आधी

प्रश्न : काका, नमस्कार. आमचे सासरे, आबा, तालमीत घडलेले. कुस्तीचं प्रक्षेपण असलं की फ्री डिशच्या सेट-टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून ते रेकॉर्ड करून ठेवतात. माझे धाकटे दीर त्या फायली लॅपटॉपवर घेतात आणि जागा वाचावी म्हणून जुन्या फायलींचं एमपी४ करून टाकतात. टीव्हीला स्ट्रीमिंगची स्टिक लावलीय, तिच्यावर व्हीएलसी प्लेअरमधून आबा निवांत बघत बसतात. कानानं कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीला ब्लूटूथ हेडफोन जोडून दिलाय. तक्रार अशी, की पैलवानानं शड्डू ठोकला की आवाज मागाहून येतो. गेल्या पावसाळ्यातल्या एमपी४ केलेल्या काही कुस्त्यांत तर सुरुवातीला आवाज मागं, मधे थोडा वेळ अगदी बरोबर आणि शेवटी शेवटी हात मांडीवर पडायच्या आधीच आवाज! दुकानदार म्हणतो टीव्ही बदला, दीर म्हणतात वायफाय स्लो आहे. आबा सगळ्यांवरच चिडलेत. काय करू?
— एक वाचक भगिनी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, टीव्ही बदलू नका. वायफायवरही आळ घेऊ नका. वायफाय कमी पडलं तर चित्र आणि आवाज दोन्ही अडतात, गोल गोल फिरणारं चक्र दिसतं. एकटा आवाज असा शिस्तीत मागं राहत नाही.

‘मधे थोडा वेळ अगदी बरोबर’ हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. तुमच्याकडं दुखणी दोन आहेत आणि ती एकमेकांच्या उलट दिशेला ओढतात. एक आवाजाला मागं ठेवतं, दुसरं हळूहळू पुढं ढकलतं. जिथं दोन्हींचं बळ सारखं होतं, तिथं आबांना कुस्ती बरोबर दिसते.

पहिलं दुखणं हेडफोनचं. ब्लूटूथवर आवाज आधी दाबून बारीक केला जातो, हवेतून जातो, हेडफोनमध्ये परत उलगडला जातो. साध्या हेडफोनला यात सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या आसपास सहज जातात. हा उशीर पहिल्या मिनिटाला जेवढा, तेवढाच शेवटच्या मिनिटाला. खात्री करायची तर हेडफोन बंद करा आणि एमपी४ न केलेली, बॉक्समधून आली तशी फाईल टीव्हीच्या स्पीकरवर लावा. शड्डू आणि आवाज जुळले, की चोर सापडला.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ असतो, त्याच्या नादाला इथं लागू नका. तो आवाजाला आणखी उशीर करतो, लवकर आणू शकत नाही. त्यापेक्षा हेडफोन टीव्हीवरून काढून थेट स्टिकला जोडा. टीव्हीला जोडलेला असताना स्टिकला हेडफोनचा पत्ताच नसतो. स्टिकला जोडला, की हा किती उशीर करणार याचा अंदाज सहसा प्लेअरला मिळतो आणि तो तेवढं चित्र थांबवून धरतो. एवढं करूनही थोडा फरक उरला तर व्हीएलसीत चित्र चालू असताना ‘ऑडिओ डिले’ उघडा. नाव तेच असलं तरी हा दोन्ही दिशांना सरकतो. अधिक-उणेचा हिशेब डोक्यात ठेवू नका. आबांना शेजारी बसवा आणि ते ‘बास’ म्हणेपर्यंत सरकवा. ती नजर शड्डूवर मुरलेली आहे, माझ्या मीटरपेक्षा भरवशाची.

माझं मत विचाराल तर वयस्कर माणसाला ब्लूटूथ देऊच नये. टीव्हीला जॅक असेल तर लांब वायरचा हेडफोन द्या. वायर पायात येईल ही भीती असेल, तर टीव्हीजवळ बेस ठेवायचा रेडिओचा हेडफोन मिळतो, त्यात उशीर जाणवण्याइतका नसतो.

आता दुसरं दुखणं, पावसाचं. फ्री डिशचा सिग्नल केयू बँड नावाच्या उपग्रह लहरींवर येतो आणि जोराच्या पावसात तो कमजोर पडतो. आषाढात कोल्हापूरचा पाऊस कसा लागतो ते तुम्हाला मी काय सांगू. पडद्यावर चौकोन फुटतात तेव्हा आवाजाचेही तुकडे गळतात. एमपीईजी लेयर-२ या आवाज दाबायच्या पद्धतीत, ४८ हजार हर्ट्झवर, आवाजाचा एक तुकडा २४ मिलिसेकंदांचा असतो. बॉक्सनं केलेल्या टीएस फाईलमध्ये आवाजावर आणि चित्रावर वेळेचे शिक्के मारलेले असतात. तुकडे गळाले तरी प्लेअर शिक्का बघतो, तेवढी जागा मोकळी सोडतो आणि पुढचं सगळं जागेवर राहतं. पण एमपी४ करणारी बरीच फुकट सॉफ्टवेअर शिक्क्याकडं बघत नाहीत. गळलेल्या जागा मिटवून आवाजाचे उरलेले तुकडे एकाला एक चिकटवतात. चित्राची लांबी तेवढीच, आवाजाची कमी. आठ तुकडे गेले की आवाज १९२ मिलिसेकंद पुढं सरकला. हेडफोनचा उशीर जवळजवळ फिटला आणि कुस्ती ‘बरोबर’ झाली! पुढची सर आली, आणखी तुकडे गेले, की आवाज शड्डूच्या पुढं.

आणि शेवटच्या भागात आबा जास्त का चिडतात, तेही सांगतो. खासबाग मैदानात आखाड्यापासून साठ-एक मीटरवर उतारावर बसलं, तर शड्डूचा आवाज कानावर यायला १७५ मिलिसेकंद लागतात. मागाहून येणारा आवाज आबांच्या कानाला जन्मभर सवयीचा आहे. आधी येणारा आवाज मैदानात कुणी ऐकलाय? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं १९९८ साली प्रक्षेपणासाठी जी शिफारस केली, तिच्यातही हेच दिसतं. आवाज मागं असेल तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत माणसाच्या ध्यानात येत नाही, पण पुढं असेल तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतं.

दीरांना सांगा, एमपी४ करणं आजपासून बंद. हार्ड डिस्क घ्या आणि मूळ टीएस फायली तशाच ठेवा. स्टिकवर टीएस त्रास देत असेल तर एमकेव्हीटूलनिक्स हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. ते चित्र-आवाजाला हात न लावता फक्त डबा, म्हणजे फाईलचा प्रकार, बदलतं, शिक्के राहतात, आणि काम काही मिनिटांत होतं. कधी तीन तासांच्या रेकॉर्डिंगची लांबी प्लेअर सव्वीस तास दाखवतो, तेव्हा घाबरू नका. हे शिक्क्यांचं घड्याळ साधारण साडेसव्वीस तासांनी शून्यावर येतं आणि नेमकं रेकॉर्डिंग चालू असताना ते उलटलं, एवढाच त्याचा अर्थ. डबा बदलला की बहुतेक वेळा सुधारतं.

ज्या कुस्त्यांची मूळ फाईल पुसून टाकलीय, तिथं काम किचकट आहे. आवाज जिथं जिथं उडी मारतो तिथं फाईल कापायची आणि प्रत्येक भागाला त्याच सॉफ्टवेअरमध्ये मिलिसेकंदांत वेगळा डिले द्यायचा. सगळ्यांच्या मागं लागू नका. आबा ज्या पुन्हा पुन्हा बघतात तेवढ्याच करा. पण आधी हेडफोन निस्तरा, मग फायली, नाहीतर हेडफोनचा उशीर फाईलमध्ये कायमचा कोरून ठेवाल.

पावसाळ्याआधी गच्चीवर चढून डिशच्या तोंडासमोरच्या एलएनबीची (सिग्नल पकडणाऱ्या डबीची) पिन घट्ट आहे का, आत पाणी शिरतं का, तेही बघून घ्या.

प्रश्न : काका, रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमात आवाज जुळतो, पण कॅमेरा आडवा फिरला की चित्र हिसके देतं. स्टिक खराब का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : स्टिक चांगली आहे. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला २५ चित्रांचं आणि बऱ्याच स्टिक मुळात ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवण्यावर, लावलेल्या असतात. पंचवीसचा भाग साठला पूर्ण जात नाही, म्हणून काही चित्रं दोनदा, काही तीनदा दाखवली जातात, आणि डोळ्याला हिसका बसतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’सारखा पर्याय शोधून चालू करा. नसला तर ५० हर्ट्झ हातानं निवडा. सिनेमे बघताना परत बदलावं लागेल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : खासगी डीटीएचच्या बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उघडत नाही. कुठला प्लेअर टाकू?
— एक वाचक, कागल

उत्तर : कुठलाही टाकलात तरी उघडणार नाही. ते रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्याच बॉक्समध्ये असते. बॉक्स बिघडला आणि बदलून दुसरा मिळाला, तर त्यावरही जुनं चालेल असं धरून चालू नका. तेव्हा बॉक्स परत द्यायच्या आधी काय बघायचं ते बघून घ्या.