वाचक विचारतात : प्रयोगशाळेतली उपकरणे आणि लिनक्स

(कमांड आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करावीत; टीटीवाययूएसबी० मधला 'यूएसबी', पॅरिटीचा 'ई' आणि '*आयडीएन?' मात्र मोठ्या अक्षरांत.)

प्रश्न : माती परीक्षणासाठीचा स्पेक्ट्रोफोटोमीटर यूएसबी-सिरियल केबलने उबुंटू २२.०४ ला जोडला आहे. केबल लावली की टीटीवाययूएसबी० हा पोर्ट क्षणभर दिसतो आणि लगेच गायब होतो. जुन्या उबुंटूवर हीच केबल चालायची. केबल गेली असे समजायचे का?
– प्रयोगशाळा सहायक, परभणी

उत्तर : नाही, केबल बहुधा ठणठणीत आहे. टर्मिनलमध्ये 'सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू' चालू ठेवा आणि केबल काढून पुन्हा लावा. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत सीएच३४१ हे ड्रायव्हरचे नाव येईल आणि त्याच्या पाठोपाठ बीआरएलटीटीवाय हे नाव दिसेल. ही अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल पटलासाठीची सेवा आहे. काही ब्रेल पटलांत तुमच्या केबलमधलीच सीएच३४० चिप असते आणि तिचा ओळख क्रमांकही तोच, १ए८६:७५२३. त्यामुळे सेवेला तुमची केबल म्हणजे ब्रेल पटल वाटते, ती केबल ताब्यात घेते आणि सिरियल ड्रायव्हर बाजूला सारला जातो.

त्या संगणकावर ब्रेल पटल कोणीच वापरत नसेल तर 'सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' देऊन पॅकेज काढून टाका. कोणी वापरत असेल तर मात्र ते काढू नका, त्या माणसाचे सगळे कामच थांबेल. अशा वेळी /यूएसआर/लिब/यूडेव्ह/रूल्स.डी मधली '८५-बीआरएलटीटीवाय.रूल्स' ही फाइल /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये त्याच नावाने कॉपी करा, १ए८६:७५२३ असलेल्या ओळीपुढे # टाका आणि संगणक पुन्हा सुरू करा.

पोर्ट टिकू लागला की पुढची तक्रार येते ती 'परमिशन डिनाइड'ची. त्यासाठी रोज सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) प्रोग्रॅम चालवू नका. वापरकर्त्याला सिरियल पोर्टची परवानगी असलेल्या डायलआउट गटात घाला, लॉगआउट करून परत लॉगिन करा. गट बदलल्याचा परिणाम नव्या लॉगिनलाच होतो, हे विसरल्यामुळे पुष्कळ जण 'गटात घालूनही चालत नाही' म्हणतात.

अजून एक. पीएच मीटरलाही अशीच केबल लावली असेल तर कोणता मीटर ० आणि कोणता १, हे सुरू करण्याच्या क्रमावर ठरते. सीएच३४० चिपमध्ये साधारणपणे अनुक्रमांक नसतो, म्हणून 'बाय-आयडी'च्या यादीत दोन केबली वेगळ्या ओळखू येत नाहीत. /देव/सिरियल/बाय-पाथ मधले नाव वापरा. ते संगणकाच्या भौतिक पोर्टवर ठरते, म्हणून पोर्टांवर उपकरणांची नावे चिकटवून ठेवा.

प्रश्न : डिजिटल तराजूतून आकडे येतात, पण ०, ३, ५, ६, ९ बरोबर आणि बाकीच्या अंकांच्या जागी भलतीच चिन्हे. वेग दोन्हीकडे ९६०० आहे.
– विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : निदान तुमच्या प्रश्नातच आहे. तराजू ७ बिट आणि इव्हन पॅरिटीने (१ ची एकूण संख्या सम करणारा तपासणीचा जादा बिट जोडून) पाठवतो आहे, संगणक ८ बिट, विनापॅरिटी वाचतो आहे. ज्या अंकांच्या कोडमध्ये १ ची संख्या सम आहे, ते नेमके तुमचे पाच अंक, त्यांचा पॅरिटी बिट शून्य असल्याने ते सुखरूप येतात. पायसिरियलमध्ये (पायथनच्या सिरियल पोर्ट वाचणाऱ्या लायब्ररीत) बाइटसाइझ ७ आणि पॅरिटी 'ई' ठेवा. (उलट १, २, ४, ७, ८ बरोबर आले असते तर ऑड पॅरिटी.) काहीच न येणे ही निराळी गोष्ट, तेव्हा पिन २ आणि ३ ची अदलाबदल करणारी नल-मोडेम केबल लागते का ते तपासावे.

प्रश्न : इलेक्ट्रोमीटर अ‍ॅजिलेंट ८२३५७बी या यूएसबी-जीपीआयबी अडॅप्टरवर चालत होता. सिस्टिम अपडेटनंतर आधी 'मॉड्यूल नॉट फाउंड' आले. ड्रायव्हर पुन्हा कंपाइल केला तर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.
– संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत. जीपीआयबी ही मोजमापाची उपकरणे संगणकाला जोडण्याची जुनी पद्धत. लिनक्स-जीपीआयबीचे ड्रायव्हर तुम्ही बाहेरून बांधलेले, म्हणजे ठरावीक कर्नलपुरतेच. कर्नल बदलला की त्याच आवृत्तीचे हेडर बसवून ते पुन्हा बांधावे लागतात. डीकेएमएसमध्ये नोंदवून ठेवले तर हे काम दर अपडेटला आपोआप होते. दुसरी अडचण सिक्युअर बूटची : डिजिटल सही नसलेले मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) कर्नल घेत नाही. उबुंटूत डीकेएमएस आपल्या किल्लीने सही करते. ती किल्ली 'मोकयूटिल --इम्पोर्ट'ने नोंदवा, पासवर्ड ठरवा आणि पुन्हा सुरू करताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'एनरोल' निवडा. तो पडदा घाईत सोडून दिला तर नोंदणी होत नाही, सगळे पुन्हा करावे लागते.

मग ईटीसीतल्या जीपीआयबी.कॉन्फमध्ये बोर्डचा प्रकार 'अ‍ॅजिलेंट_८२३५७ए' असाच लिहा. तुमचा अडॅप्टर बी असला तरी ड्रायव्हरचे नाव 'ए'च आहे. अडॅप्टरला दर वेळी फर्मवेअर (त्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम) चढवावे लागते. 'एलएसयूएसबी'च्या यादीत ०९५७:०५१८ दिसत असेल तर ते अजून चढलेले नाही. चढले की क्रमांक ०९५७:०७१८ होतो. त्यानंतर 'जीपीआयबी_कॉन्फिग' चालवून 'आयबीटेस्ट'ने '*आयडीएन?' विचारा. 'लिबजीपीआयबी' सापडत नाही अशी तक्रार आली तर एकदा 'सुडो एलडीकॉन्फिग' पुरते.

कर्नल ६.१३ मध्ये हे ड्रायव्हर कर्नलच्याच स्टेजिंग (नव्या ड्रायव्हरांच्या तयारीच्या) विभागात आले. लायब्ररी आणि कॉन्फिग फाइल मात्र तरीही वेगळी बसवावी लागते. १९७५ मध्ये आयईईई ४८८ म्हणून प्रमाणित झालेली ही जीपीआयबी जोडणी अजून सांभाळली जाते आहे. तेव्हा 'ड्रायव्हर मिळत नाही' म्हणून चांगला जुना मीटर भंगारात काढायला कृपया परवानगी देऊ नका.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत उपकरणे दिवसातून अनेकदा डिसकनेक्ट होतात, पावसाळ्यात तक्रार नसते. ड्रायव्हर तीनदा बदलून पाहिला.
– विभागप्रमुख, नांदेड

उत्तर : ड्रायव्हर आता तसाच राहू द्या. डिसकनेक्ट झाल्यावर कर्नलच्या नोंदीत 'डिसेबल्ड बाय हब, ईएमआय?' असे आले आहे का पाहा. ईएमआय म्हणजे विद्युतचुंबकीय व्यत्यय. तसे असेल तर संशय अर्थिंगवर घ्या. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या नळीपासून सुटते आणि रोध वाढतो. पाऊस पडला की जमीन पुन्हा धरते.

यूएसबी केबल काढून ठेवा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ मोजा. २-३ व्होल्टच्या आत हवे. मग फेज-अर्थ मोजा. ते फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवे. शेवटी संगणकाची धातूची पेटी आणि उपकरणाची पेटी यांच्यामध्ये मोजा. अर्थ तुटलेला असेल तर एसएमपीएसच्या (संगणकाच्या वीजपुरवठा युनिटच्या) फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे पेटीवर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दिसू शकतात. यूएसबीची केबल लावताच तो प्रवाह तिच्या शील्डमधून आणि ग्राउंडमधून वाट काढतो.

अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे हा आजचा उपाय; इलेक्ट्रिशियनकडून अर्थ रोध मोजून खड्डा दुरुस्त करून घेणे हा खरा उपाय. संगणक आणि उपकरण एकाच थ्री-पिन बोर्डवर घ्या. यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजूंचा विद्युत संबंध तोडून फक्त माहिती जाऊ देणारा जोड) लावायचा असेल तर स्वस्तातले १२ मेगाबिटपर्यंतच चालतात. सिरियल केबलला तेवढे पुष्कळ झाले, कॅमेऱ्याला पुरत नाहीत. व्यत्यय कमी होतो म्हणून काही ठिकाणी उपकरणाच्या प्लगची अर्थ पिनच काढून ठेवतात. ते कधीही करू नका. तेच ११५ व्होल्ट मग विद्यार्थ्याच्या हाताला लागतात.