वाचक विचारतात : विंग चुन आणि कोपराची जागा

विंग चुन या दक्षिण चिनी युद्धकलेबद्दल बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून त्यातले सात इथे घेतले आहेत. नावांचे उच्चार कँटनी भाषेच्या जवळ ठेवले आहेत.

प्रश्न : एका भिक्षुणीने साप आणि सारसाची झुंज पाहून ही कला रचली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. यात खरं किती? (नाशिक)

कथा अशी : शाओलिन मठ जाळला गेला, त्यातून निसटलेल्या ङ मुई नावाच्या भिक्षुणीने ही पद्धत बसवली आणि यिम विंग चुन या मुलीला शिकवली. मुलगी टोफू विकणाऱ्याची. गावगुंड तिच्याशी लग्न करायला मागे लागला होता, त्याला तिने लोळवलं. विसाव्या शतकातले विंग चुनचे गुरू इप मान यांनी लिहून ठेवलेल्या हकिकतीतही थोड्याफार फरकाने हेच आहे.

पण ङ मुई आपल्याला भेटते ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या लोकप्रिय कादंबरीत, आणि तिथे ती शाओलिनच्या विरुद्ध बाजूला उभी आहे! त्याआधीच्या कागदपत्रांत तिचा पत्ता लागत नाही. म्हणून ही कथा गुरुपरंपरेची आठवण म्हणून वाचावी, इतिहास म्हणून नव्हे.

इतिहासाचे पाय जमिनीला टेकतात ते फोशानमध्ये. ग्वांगडोंग प्रांतातलं हे कारागिरांचं, व्यापाऱ्यांचं शहर. तिथले लेउंग जान हे जडीबुटीचे वैद्य. त्यांचे शिष्य चान वाह शुन, धंदा नाणी बदलून देण्याचा. इप मान (जन्म १८९३) हे चान यांच्या उतारवयातले शिष्य. चीनमधल्या १९४९ च्या कम्युनिस्ट सत्तांतरानंतर ते हाँगकाँगला आले, १९५० पासून हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवू लागले आणि १९७२ मध्ये वारले. ब्रूस ली त्यांच्याकडेच शिकला. आज जगभर जे विंग चुन दिसतं, त्याचा फार मोठा भाग या एका माणसाच्या वर्गातून निघालेला आहे.

लेउंग जान यांच्या मागे परंपरा नाटकमंडळींकडे बोट दाखवते. कँटनी संगीत नाटकाच्या मंडळ्या लाल रंगाच्या होड्यांतून गावोगाव फिरत. १८५४ मध्ये ली वेनमाओ या नटाने चीनवरच्या तेव्हाच्या चिंग राजवटीविरुद्धच्या बंडात उडी घेतली. सरकारने सूड म्हणून फोशानमधलं नटांच्या संघाचं सभागृह पाडलं आणि या नाटकांवर बंदी घातली. लढता येणारे नट लपतछपत राहिले आणि शहरातल्या कुणाला तरी शिकवून गेले, हे पटण्याजोगं आहे. साडेसहा मुद्द्यांची (म्हणजे साडेसहा मूळ हालचालींची) लांब काठी विंग चुनमध्ये होडीवरूनच आली असं सांगतात. काठीची खोल, रुंद बैठक बाकीच्या विंग चुनशी मुळीच जुळत नाही, यावरूनही ती बाहेरून येऊन चिकटली असावी असं वाटतं.

आणखी एक धागा फूच्येन प्रांताकडे जातो. तिथे युंगचुन नावाचा तालुका आहे आणि त्या भागाची श्वेत सारस ही युद्धकलेची पद्धत प्रसिद्ध आहे. हात जवळ ठेवणं, कोपर खाली ठेवणं या गोष्टी दोन्हींत दिसतात. सारसाची गोष्ट कुठून आली असेल, याचा अंदाज इथे लागतो.

प्रश्न : बोधिधर्माने भारतातून नेलेली कलाच ना ही? (सोलापूर)

मोह होतो, पण नाही. हनानमधला शाओलिन मठ पाचव्या शतकाच्या अखेरीस बातुओ या भारतीय भिक्षूसाठी उभारला गेला, इतका भारताचा संबंध पक्का. बोधिधर्माने तिथे व्यायाम शिकवल्याची गोष्ट ‘यिजिन जिंग’ या ग्रंथावर उभी आहे. तो ग्रंथ १६२४ चा, आणि त्याच्या प्रस्तावना जुन्या दिसाव्यात म्हणून बनवलेल्या आहेत. विसाव्या शतकात तांग हाओ या चिनी संशोधकाने हे उघड केलं. विंग चुन तर त्या मठापासून शेकडो कोस दक्षिणेला वाढलं.

प्रश्न : तीन महिने ‘सिउ निम ताउ’ करतोय. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं. सोडून देऊ का? (ठाणे)

सोडू नका, उभं राहणं सुधारा. सिउ निम ताउ हा विंग चुनचा पहिला संच, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचाली. नावाचा अर्थ साधारण ‘लहानशा विचाराची सुरुवात’. सगळा संच एका जागी उभं राहून करायचा असतो, त्यामुळे बैठक चुकली की चूक मिनिटागणिक गुडघ्यात साठते.

बैठकीचं नाव मजेशीर आहे : मांड्यांत मेंढी दाबून धरल्यासारखं उभं राहणं. दोन्ही पाय जुळवा, गुडघे थोडे वाकवा. टाचांवर फिरून चवडे बाहेर उघडा. मग चवड्यांवर फिरून टाचा बाहेर सारा. आता चवडे किंचित आत वळलेले हवेत. वजन दोन्ही पायांवर निम्मं निम्मं, माकडहाड खाली सोडलेलं, पाठ मागे न झुकलेली.

दुखण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मेंढी फारच जोरात दाबणं. लोक टाचा खूप बाहेर नेतात आणि गुडघे एकमेकांना भिडवायला बघतात. तेव्हा गुडघा एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे अशी अवस्था होते आणि पिळ आतल्या स्नायुबंधावर पडतो. पायांतलं अंतर खांद्यांएवढंच ठेवा, चवड्यांचा कोन कमी करा. गुडघ्यावरून सोडलेला ओळंबा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत यायला हवा. आत खेचणारी ताकद मांडीत जाणवावी, सांध्यात नव्हे. पहिले काही दिवस तीन-चार मिनिटांच्या वर उभे राहू नका. तरीही दुखलं तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

बैठक जमली की लक्ष कोपराकडे. संचाच्या पहिल्या भागात तळहात वर करून हात सावकाश पुढे जातो, तो तान साउ. बोटं पुढे गेली म्हणजे तान साउ झाला असं नाही. कोपर बरगडीजवळून आत, छातीच्या मध्याकडे सरकलं पाहिजे आणि शरीरापासून साधारण एक मूठ अंतरावर थांबलं पाहिजे. मग मनगट फिरवून हात उभा करायचा (वू साउ) आणि छातीपासून मूठभर अंतरापर्यंत मागे आणायचा. नंतर मनगट वाकवून पुन्हा पुढे, हा फुक साउ. हे तीनदा होतं, म्हणून या भागाला ‘बुद्धाला तीन नमस्कार’ म्हणतात. जुने शिक्षक एवढ्यावरच बराच वेळ घालवत. पाच सेकंदांत एक फुक साउ उरकणाऱ्याला कोपर कधी बाहेर पडलं ते कळतच नाही.

प्रश्न : ठोसा छातीच्या मधूनच का मारायचा? खांद्यावरून मारला तर जोर जास्त येतो. (कोल्हापूर)

येतो, पण वाट लांब पडते. विंग चुनची मधली रेघ म्हणजे तुमच्या अंगाच्या मध्यातून समोरच्याच्या मध्याकडे जाणारी सरळ पातळी. त्या वाटेने गेलेली मूठ सर्वांत कमी अंतर कापते आणि वाटेत तुमचा गळा, नाक, छाती झाकतही जाते.

मूठ उभी, अंगठा वरच्या बाजूला. आघात खालच्या तीन गाठींनी : मधलं बोट, अनामिका, करंगळी. कोपर मुठीच्या मागे आणि खाली असलं की धक्का हाडांच्या रांगेतून पायापर्यंत जातो. कोपर बाजूला फाकलं की तोच धक्का खांदा फिरवतो आणि तुम्हीच मागे ढकलले जाता. साखळी ठोशांत दुसरी मूठ पहिलीच्या वरून जाते, पहिली खालून परत येते. दोन्ही हात एकाच उंचीवर आले की मनगटं आपटतात. ही चूक नवख्यांत हमखास दिसते.

हवेत ठोसे मारताना कोपर झटक्याने पूर्ण सरळ करू नका, त्यानेच कोपरदुखी लागते. भिंतीवर छातीच्या उंचीला कापडी पिशवी टांगतात, तिच्यात मूग भरा. वाळू नंतर.

प्रश्न : ‘ची साउ’ म्हणजे लढाई की खेळ? (पणजी)

दोन्ही नाही. चिकटलेल्या हातांचा हा सराव आहे. एकाचा हात तान साउ आणि बोंग साउ (कोपर वर, मनगट खाली) यांत गोल फिरतो, समोरच्याचा फुक साउ त्यावर बसतो, आणि डोळ्यांऐवजी कातडीने दाब ओळखायचा. नियम एका कँटनी म्हणीत आहे : येईल त्याला ठेवून घ्या, जाईल त्याला पोचवून या, हात मोकळा झाला की सरळ आत घुसा.

सगळी गंमत शेवटच्या तुकड्यात. दाब नेहमी पुढे, समोरच्याच्या मध्याकडे हवा. बहुतेक जण तो खाली देतात, म्हणजे समोरच्याचा हात दाबून ठेवतात. त्याने हात काढून घेतला की यांचा हात पोटाजवळ पडतो. दाब पुढे असता तर तोच हात आपोआप छातीवर जाऊन लागला असता. हातांचा पाठलाग करणं ही दुसरी चूक, आणि जिंकायची घाई ही तिसरी.

प्रश्न : रस्त्यावर हे चालतं का? (अमरावती)

हातभर अंतरावर, कुणी गळपट्टी धरली किंवा ढकललं तर, चालतं. लांबून लाथा मारणारा किंवा पायात शिरून पाडणारा समोर असेल तर नुसतं ची साउ पुरत नाही. मुद्दाम सहकार्य न करणाऱ्या जोडीदारासोबत सराव केला नाही तर प्रतिक्रिया वर्गापुरत्याच राहतात. तिसरा संच ‘बिउ जी’ हा मधली रेघ हातची गेल्यावर ती परत मिळवण्यासाठी आहे. त्यात कोपराचे वार आणि बोटांचे भोसके आहेत. पूर्वी तो बाहेरच्यांना दाखवत नसत. दुसरा संच ‘चुम किउ’ नीट बसायच्या आत तो शिकायची घाई करू नका.

प्रश्न : विंग चुनच्या सरावाचा लाकडी पुतळा मल्लखांबासारखाच का? घरी बनवता येईल? (पुणे)

दोन्ही लाकडाचे खांब, साम्य तिथेच संपतं. मल्लखांबावर माणूस चढतो, इथे पुतळा तुमच्या वाटेत उभा राहतो. ओंडका साधारण पाच फूट लांब, नऊ इंच व्यासाचा. वर दोन हात, मध्ये एक, खाली वाकवलेला एक पाय. इप मान यांच्या परंपरेत त्यावरचा संच ११६ हालचालींचा मोजतात, काही शाळांत १०८. फोशानमध्ये पुतळा जमिनीत पुरत. हाँगकाँगच्या इमारतींत पुरायला जमीनच नव्हती, म्हणून तो दोन आडव्या पट्ट्यांवर टांगायची पद्धत आली आणि त्याला हवाहवासा लवचिकपणा मिळाला.

सुतार दोन चुका करतो. वरचे दोन्ही हात तो एकाच पातळीत बसवायला जातो. त्यांची मागची टोकं ओंडक्याच्या आत एकमेकांना ओलांडतात, म्हणून भोकं वरखालीच हवीत. आणि हात सैल वाटले की तो फेव्हिकॉल ओततो. सैलपणा ठेवायचाच आहे. हात भोकात हलला पाहिजे, मागून खुंटीने अडकवला की पुरे. आडव्या पट्ट्या विटांच्या भिंतीत बसवा, जिप्समच्या पार्टिशनला नको. वापरताना खट्‌ असा कोरडा आवाज येईल, तो दुपारच्या वेळी खालच्या मजल्यापर्यंत जातो. आणि हातावर वळ उठत असतील तर तुम्ही लाकडाला मारताय. अंतर कमी करा, कोपर आत घ्या आणि पुढे दाब द्या.