डॅशकॅमची वायर फ्यूजबॉक्सपर्यंत कशी न्यावी?

तुम्ही विचारलंय की सिगारेट लायटरचा सॉकेट न वापरता डॅशकॅम थेट फ्यूजबॉक्सला जोडता येईल का. येईल, पण आधी एअरबॅगचं बघा. ए-पिलरच्या, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या, कव्हरवर 'एअरबॅग' लिहिलेलं असेल तर आत कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग) आहे. वायर तिच्या मागून न्या, पुढून कधीच नको. पुढून गेलेली वायर एअरबॅग फुगताना आडवी येते. कव्हर काढायची भीती वाटत असेल तर ते काम सरळ ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या, यात कमीपणा नाही.

हार्डवायर किटला (डॅशकॅम फ्यूजबॉक्सला जोडायच्या वायरींच्या संचाला) साधारणपणे तीन वायरी असतात: पिवळी कायम चालू फ्यूजला, लाल चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजला, काळी बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला. रंगावर विसंबू नका, किटचा कागद वाचा आणि मल्टिमीटरने तपासा. वायर सोलून जोडण्यापेक्षा फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसवून त्यातून जादा वायर काढायचा जोड) वापरा. एअरबॅग आणि एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) फ्यूजला मात्र हात लावू नका.

पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग, हवा असेल तर कमी व्होल्टेजला आपोआप बंद होणारंच किट घ्या. नाहीतर गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसलीच म्हणून समजा.