वीस बाय तीसची जागा आणि सामासिक अंतराचा पेच

प्रश्न : वाटणीनंतर आमच्याकडे 20 बाय 30 फुटांची जागा आणि तिच्यावरचे जुने माळवद (मातीच्या सपाट छताचे घर) आले. गेल्या पावसाळ्यात मागच्या खणाची तुळई मोडून माती खाली आली. आता ते पाडून नवे घर बांधायचे आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती भावकीशी सामाईक आहेत आणि समोरची गल्ली जेमतेम 11 फुटांची आहे. चारही बाजूंनी सामासिक अंतर, म्हणजे नियमाप्रमाणे घराभोवती ठेवायची मोकळी जागा, सोडले तर घर बांधायचे कुठे? नियमातून सवलत मिळू शकते का?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : सवलतीचा अर्ज करण्याआधी मंजूर विकास योजनेत आपली जागा दाट वस्तीच्या हद्दीत येते की नाही, हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात पाहून घ्यावे. येत असेल तर आपली निम्मी चिंता मिटते, कारण राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अशा भागातील लहान निवासी घरांना बाजूच्या व मागच्या अंतराची अट बरीच सैल आहे. मात्र खोल्यांना उजेड-वारा मिळेल असा वरून उघडा चौक नकाशात दाखवावा लागतो. (आपल्या आजोबांनी तो बहुधा न सांगता ठेवला असेल.)

गल्लीच्या बाजूने मात्र सुटका नाही. साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्लीत मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर सोडावे लागतात. म्हणजे आपल्या 11 फुटी गल्लीत दर्शनी भिंत सुमारे दोन फूट मागे घ्यावी लागेल. ते दोन फूट वाचवण्यासाठी अर्ज करू नये. नियमावलीने प्राधिकरणाला (इथे नगरपरिषदेला) शिथिलतेचा अधिकार दिला आहे तो खरीखुरी, दाखवता येण्याजोगी अडचण असेल तेव्हाच, आणि आरोग्य, अग्निसुरक्षा व इमारतीची मजबुती यांना बाधा येत नसेल तरच; तेव्हाही रस्त्यापासूनचे अंतर, चटई क्षेत्र (जागेच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते) आणि वाहनतळ या तिन्ही बाबी त्या अधिकाराबाहेर ठेवल्या आहेत. आपला अर्ज फेटाळला जाईल तो बहुधा याच तिन्हींपैकी एखादी गोष्ट मागितल्यामुळे.

जागा दाट वस्तीबाहेर असेल तर मागणी नेमकी ठेवावी. ‘जागा लहान आहे, सवलत द्यावी’ एवढ्यावर काही होत नाही. कोणत्या बाजूला किती मीटर हवे, नियमाप्रमाणे सोडल्यास खोलीची रुंदी किती उरते आणि शेजारच्या खिडक्या कुठे आहेत, हे परवानाधारक वास्तुविशारदाच्या नकाशात दिसले पाहिजे. सोबत आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मोजणीचा नकाशा आणि शेजाऱ्यांची संमतीपत्रे जोडावीत. वाटणी केवळ घरगुती कागदावर असेल तर आधी आखीव पत्रिकेवर स्वतःचे नाव लावून घ्यावे.

साठ दिवसांत उत्तर आले नाही की परवानगी मिळालीच, असे पुष्कळ जण समजतात. 1966 च्या नगररचना अधिनियमातील ही तरतूद नियमांत तंतोतंत बसणाऱ्या प्रस्तावांपुरती आहे; शिथिलता मागणाऱ्याने तिच्या भरवशावर पाया खोदू नये. परवानगी नाकारली गेली तर निर्णय कळल्यापासून 40 दिवसांत कलम 47 खाली शासनाकडे अपील करता येते.

परवानगी हाती येईपर्यंत जुने घर पाडू नये. फक्त खचलेल्या खणाला टेकू द्यावा आणि त्याखाली कोणाला झोपू देऊ नये. पाडण्याच्या दिवशी सामाईक भिंतीकडे विशेष लक्ष द्यावे. माळवदाच्या घरांत शेजाऱ्याच्या तुळईचे टोकही पुष्कळदा त्याच भिंतीत रुतलेले असते, आणि आपल्या बाजूची माती उतरवताना त्यांचे छत हलते. म्हणून आधी भावकीसमक्ष दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, त्यांच्या तुळयांखाली लाकडी खांब उभे करावेत, आणि नव्या घराचे कॉलम त्या भिंतीवर भार न टाकता आपल्या हद्दीत घ्यावेत, मग त्यापायी खोली वीतभर अरुंद झाली तरी चालेल.