इंग्लंडमधल्या जुन्या इस्टेटीत तळ्याकाठी मातीत अर्धवट गाडलेला विटांचा घुमट आहे. आत अरुंद बोळ आणि खोल खड्डा. हे काय असावं?

हे बहुधा बर्फघर आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांच्या इस्टेटींवर ती सर्रास बांधत. हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ फोडून या खड्ड्यात पेंढ्यासह ठासून भरत आणि उन्हाळ्यात स्वयंपाकघरासाठी काढत. म्हणूनच ते तळ्याजवळ, झाडांच्या सावलीत असतं. घुमटावरची माती ऊन अडवते आणि बोळातली दारं गरम हवा. खड्डा खाली निमुळता होत गेलेला आणि तळाशी वितळलेलं पाणी जायला मोरी असेल, तर शंका उरत नाही. पण खड्ड्याऐवजी सपाट फरशी असेल तर ते साधं तळघर किंवा युद्धकाळातला आसराही असू शकतो. आत उतरू नका, बाहेरूनच बॅटरी मारून बघा. हे खड्डे कित्येक मीटर खोल असतात.